शब्द तपासा, मग बोला : बायबलमधील स्वर्ग-नरकाविषयीचे मतभेद

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेले व्याख्यान)



माझ्या व्याख्यानाचा विषय कळविला तेव्हा कार्यवाहांनी मोठ्या अदबीने विचारले, "सर, आपल्या मुलांना बायबलातल्या स्वर्ग-नरकाशी काय करायचे आहे?" प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर म्हणून मी एक हकीकत सांगतो. ती माझ्याच चुकीची आहे.

मी एका हायस्कुलात शिक्षक असताना माझ्या वर्गात आपला एक हुशार मुलगा होता. वाचनाची त्याला फार आवड. एकदा माझ्याजवळची एक छोटी पुस्तिका मी त्याला वाचायला दिली. बायबलात नरकाविषयी परस्परविरोधी वचने कशी आहेत, हे तीत ओळीने मांडलेले होते. दोन-तीन आठवड्यांनी त्याच्या वर्गातील एका ख्रिस्ती मुलाची आजी वारली. मधल्या सुट्टीत काहीतरी शब्दाला शब्द वाढला आणि आपला मुलगा त्याला म्हणाला, "तुझी आजी कुठे गेली, ते तुमच्याच किताबात ठरलेले नाही!"

तो मुलगा रडला नाही, भांडलाही नाही. शाळा सुटल्यावर माझ्याकडे आला आणि त्याने विचारले, "सर, खरेच ठरलेले नाही का?" मला उत्तर देता येईना. ज्या पुस्तिकेने त्याच्या काळजाला घाव घातला ती मीच दिली होती, आणि तीत लिहिलेले एकही वचन मी स्वतः उघडून पाहिले नव्हते. त्या दिवसापासून मी हा विषय वाचू लागलो. पुढे जे समजले ते आज आपल्यासमोर ठेवतो.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्या. बायबल हे एक पुस्तक नसून पुस्तकांचा संग्रह आहे. प्रॉटेस्टंटांच्या बायबलात ६६ पुस्तके आहेत, तर रोमन कॅथलिकांच्या बायबलात ७३. जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेत आहे, नवा करार ग्रीक भाषेत. ही पुस्तके शेकडो वर्षांच्या काळात लिहिली गेली. म्हणून "बायबल नरकाविषयी काय सांगते?" असे विचारताच जाणता ख्रिस्ती माणूस उलट विचारील, "कोणते पुस्तक, आणि मूळ शब्द कोणता?"

मतभेदाचे अर्धे मूळ या दुसऱ्या प्रश्नात आहे.

जुन्या करारात "शिओल" हा शब्द सुमारे ६५ वेळा येतो. शिओल म्हणजे मृतांचे ठिकाण. ते खोल, अंधारे आणि निःशब्द आहे. तेथे चांगलेही जातात आणि वाईटही जातात. हजरत याकूब (अलैहिस्सलाम) यांना युसूफ मरण पावला असे वाटले, तेव्हा आपण शोक करीत शिओलातच उतरू असे ते म्हणाल्याचे उत्पत्तीच्या पुस्तकात आहे. एक पैगंबर आपण नरकात जाणार असे म्हणतील काय? अर्थातच नाही. तेथे शिओल म्हणजे कबर, मृत्युलोक.

नव्या करारात तीन शब्द आहेत. "हेडिस" हा ग्रीक शब्द साधारण शिओलच्याच अर्थाचा. "गेहेन्ना" हा शिक्षेच्या अग्नीचा शब्द. तो बारा ठिकाणी येतो आणि त्यांतील अकरा ठिकाणे हजरत ईसा (अलैहिस्सलाम) यांच्या तोंडची म्हणून दिलेली आहेत. तिसरा "टार्टारस", ग्रीकांच्या पुराणकथांतून आलेला. तो एकदाच, तोही क्रियापदाच्या रूपात, पाप केलेल्या फरिश्त्यांना कोठे डांबले ते सांगताना येतो.

आता गंमत पाहा. इंग्लंडात १६११ मध्ये राजा जेम्सच्या कारकिर्दीत जे प्रसिद्ध भाषांतर झाले, त्यात या चारही शब्दांसाठी "हेल" हा एकच इंग्रजी शब्द वापरला गेला. शिओलचे तर तीन तुकडे झाले. ३१ ठिकाणी "हेल", ३१ ठिकाणी "कबर" आणि तीन ठिकाणी "खड्डा". ज्या पिढ्यांनी हे एकच भाषांतर वाचले त्यांना मृत्युलोक आणि नरकाग्नी यांतील फरक दिसणार तरी कसा? १८८१ मध्ये नव्या कराराचे सुधारित इंग्रजी भाषांतर निघाले, त्यात "हेडिस" हा मूळ शब्दच ठेवला गेला. आपल्या मराठी बायबलात "अधोलोक" आणि "नरक" असे दोन वेगळे शब्द आढळतात, आणि उर्दू इंजीलमध्ये "आलमे अरवाह" आणि "जहन्नुम". म्हणजे या एका बाबतीत मराठी किंवा उर्दू वाचक जुन्या इंग्रजी वाचकापेक्षा मुळाच्या अधिक जवळ होता!

माझ्या पुस्तिकेतील पहिला "परस्परविरोध" येथेच गळून पडला. एका वचनात सज्जनही नरकात जातात आणि दुसऱ्यात फक्त दुर्जन, असे तीत म्हटले होते. मूळ पाहिले तर पहिल्या वचनात शिओल आहे, दुसऱ्यात गेहेन्ना. दोन गावांची नावे एकच समजून कोणी म्हणावे की नकाशा चुकला आहे, तशातला तो प्रकार.

गेहेन्ना हा शब्द तर आपल्या घरचाच आहे. जेरुसलेमच्या जुन्या शहराच्या दक्षिणेला हिन्नोमची दरी आहे. हिब्रूत "गे हिन्नोम". आज अरब लोक तिला वादी अर-रबाबा म्हणतात. तेथे एके काळी मोलोख नावाच्या दैवतासाठी मुलांना अग्नीत अर्पण करीत. योशिया राजाने ते स्थान भ्रष्ट करून ती रीत मोडली आणि यिर्मया नबीने त्या दरीचा धिक्कार केला, असे जुना करार सांगतो. पुढे त्या दरीचे नाव परलोकातील शिक्षेला पडले. भाषाशास्त्रज्ञ आपला "जहन्नम" हा शब्द याच कुळातला मानतात. अरबी कोशकारांतही याविषयी दोन मते आहेत. काही त्याला परभाषेतून आलेला म्हणतात, तर काही खोल विहिरीच्या अर्थाच्या अरबी शब्दाशी त्याचे नाते जोडतात.

या दरीत शहराचा कचरा अखंड जळत असे आणि त्यावरून नरकाची कल्पना आली, असे अनेक पुस्तकांत आणि प्रवचनांत सांगतात. मीही वर्गात तसे सांगितले होते. पण या कथेचा आपल्याला ठाऊक असलेला सर्वांत जुना लेखी उल्लेख सुमारे १२०० च्या काळातील डेव्हिड किम्ही या ज्यू पंडिताचा आहे, म्हणजे हजरत ईसांच्या काळानंतर हजारावर वर्षांनी. दरीत तसा पुरावाही सापडलेला नाही. विद्यार्थी मित्रांनो, छापलेली प्रत्येक गोष्ट खरी नसते, आणि गुरुजींनी सांगितलेलीही नसते.

आता जन्नतकडे वळू. हिब्रूत आकाशाला आणि स्वर्गाला "शमाइम" हा एकच शब्द आहे; अरबी "समा" त्याचाच भाऊबंद. मत्तयच्या इंजीलमध्ये "स्वर्गाचे राज्य" हा प्रयोग वारंवार येतो, तर मार्क आणि लूक त्याच जागी "देवाचे राज्य" म्हणतात. म्हणून अनेक अभ्यासक म्हणतात की तेथे मेल्यावर जाण्याचे ठिकाण अभिप्रेत नाही. देवाचे नाव अदबीने टाळून त्याच्या सत्तेविषयी बोलण्याची ती पद्धत आहे. इंग्रज बिशप एन. टी. राइट यांनी तर अलीकडे आग्रहाने मांडले की बायबलची अखेरची आशा म्हणजे आत्म्याने वर आकाशात जाऊन राहणे नव्हे, तर मेलेल्यांचे पुन्हा उठणे आणि नवी झालेली पृथ्वी. त्यांच्याच धर्मातील कित्येकांना हे ऐकून नवल वाटले.

लूकच्या इंजीलमध्ये दुसरा एक शब्द आहे, "पॅराडायस". मूळचा तो जुन्या इराणी भाषेतला. अर्थ, कुंपण घातलेली बाग. तोच ग्रीकमध्ये गेला, आणि त्याच घराण्यातील "फिरदौस" कुरआन शरीफमध्ये दोन ठिकाणी आला आहे. सुळावरील प्रसंगाच्या वर्णनात ईसा एका पश्चात्ताप पावलेल्या चोराला या बागेचे वचन देतात, असे लूक सांगतो. त्या वाक्यात "आज" हा शब्द आहे. तो शब्द कोणाकडे जोडायचा? बाग आजच मिळणार, की मी तुला आज सांगतो की ती मिळणार? जुन्या ग्रीक हस्तलिखितांत आजच्यासारखी विरामचिन्हे नव्हती. बहुतेक भाषांतरकार स्वल्पविराम "आज" च्या आधी देतात. म्हणजे मृत्यूनंतर आत्मा लगेच सुखात जातो. यहोवाचे साक्षीदार या पंथाचे भाषांतर तो "आज" च्या नंतर देते; कारण त्यांच्या मते मेलेला माणूस पुन्हा उठेपर्यंत काहीच जाणत नाही. एका स्वल्पविरामावर एवढा मोठा प्रश्न अडला आहे. व्याकरणाचा तास कंटाळवाणा वाटणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

परंतु सगळा मतभेद भाषांतराचा आहे असे म्हटले तर मी पुन्हा चूक करीन. मूळ शब्द एकच असूनही मतभेद होतो, त्याचे उदाहरण "आयोनिओस" या ग्रीक शब्दाचे. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात दुष्टांची शिक्षा आणि सज्जनांचे जीवन या दोहोंना हेच एक विशेषण लावलेले आहे. पाचव्या शतकात सेंट ऑगस्टीनने सांगितले की जीवन जर अनंत, तर शिक्षाही अनंतच. चर्चमधील बहुमत त्याच्यामागे गेले. पण त्याआधी अलेक्झांड्रियाचा ओरिजेन शिकवीत असे की देवाची शिक्षा सुधारण्यासाठी असते आणि शेवटी सर्व काही देवाकडे परतेल. सहाव्या शतकात त्याच्या नावावरील मतांचा निषेध झाला. मात्र तशीच आशा बाळगणारा निसाचा ग्रेगरी आजही संत म्हणून मानला जातो. तिसरा पक्ष म्हणतो की दुष्ट अनंतकाळ जळत राहत नाहीत, तर नष्ट होतात. शिक्षेचा परिणाम कायमचा, यातना कायमच्या नव्हेत. १८४६ मध्ये एडवर्ड व्हाइट या इंग्रज पाळकाने हे मत पुस्तकरूपाने मांडले, सेव्हंथ डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचेही तेच मत आहे, आणि १९८८ मध्ये जॉन स्टॉट यांच्यासारख्या सनातनी वळणाच्या, जगभर मान असलेल्या धर्मोपदेशकाने आपला कल तिकडे असल्याचे सांगितले, तेव्हा त्यांच्या चाहत्यांतही खळबळ उडाली.

या शब्दापायी माणसांना किंमत मोजावी लागली आहे. फ्रेडरिक डेनिसन मॉरिस हे लंडनच्या किंग्ज कॉलेजात प्राध्यापक होते. १८५३ मध्ये त्यांनी लिहिले की "सार्वकालिक" म्हणजे न संपणारी वर्षे नव्हेत. ईश्वराला ओळखणे हेच सार्वकालिक जीवन आणि त्याला मुकणे हाच सार्वकालिक मृत्यू. त्याच वर्षी त्यांची नोकरी गेली. पुढच्याच वर्षी त्यांनी लंडनमध्ये कामगारांसाठी एक कॉलेज काढले. शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून मला त्यांची ही दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते.

दुसरे फ्रेडरिक फॅरार. हे १८३१ साली आपल्या मुंबईत जन्मले. वडील मिशनरी होते. फॅरार पुढे इंग्लंडात नामांकित शिक्षक, नंतर मार्लबरो शाळेचे मुख्याध्यापक आणि मग वेस्टमिन्स्टर ॲबीचे धर्माधिकारी झाले. १८७७ मध्ये त्यांनी ॲबीत प्रवचने दिली की बहुसंख्य मानवजात अनंत यातनांत पडणार ही शिकवण मूळ ग्रीक शब्दांतून सिद्ध होत नाही. प्रवचने छापून निघाली आणि इंग्लंडभर वाद पेटला. उत्तर द्यायला पुढे आले ऑक्सफर्डचे वृद्ध प्राध्यापक एडवर्ड पुसी. पुसी हिब्रूचे मोठे पंडित. त्यांनी तरुणपणी जर्मनीत अरबीचाही अभ्यास केला होता आणि ऑक्सफर्डच्या ग्रंथालयातील अरबी हस्तलिखितांच्या सूचीचे काम पुरे केले होते. १८८० मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. दोघांत पत्रव्यवहार झाला, आणि पुढच्या वर्षी फॅरारनी आपले दुसरे पुस्तक काढले तेव्हा दिसून आले की दोघांतील अंतर लोक समजत होते त्यापेक्षा बरेच कमी आहे. वाद झाला, पण दोघांनी एकमेकांचे लिखाण आधी वाचले होते.

आता त्या आजीकडे येऊ. ते कुटुंब कॅथलिक होते. कॅथलिकांच्या मते स्वर्ग आणि नरक यांच्याखेरीज शुद्धीची एक अवस्था आहे, आणि जिवंत माणसांच्या प्रार्थनेचा तेथील आत्म्यांना उपयोग होतो. यासाठी ते मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकातील मृतांसाठी केलेल्या प्रार्थनेचा दाखला देतात. प्रॉटेस्टंट ते पुस्तक बायबलात धरीतच नाहीत! १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने आवाज उठविला तो पापदंडाची माफी पैसे घेऊन देण्याच्या प्रकाराविरुद्ध; त्यातून युरोपातील चर्च दुभंगले. १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने शुद्धीची शिकवण कायम केली, पण पैशाच्या लोभाने चालणारे प्रकार बंद करण्यासही सांगितले. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मृतांसाठी प्रार्थना करतात, मात्र शुद्धीच्या अग्नीची शिकवण मान्य करीत नाहीत. म्हणजे ग्रंथात कोणती पुस्तके धरायची, हाही मतभेदाचा एक भाग आहे.

"सर, खरेच ठरलेले नाही का?" या प्रश्नाला त्या दिवशी मी असे उत्तर द्यायला हवे होते, "बाळ, तुझ्या घरच्या श्रद्धेत ते ठरलेले आहे. तुमच्याच धर्मातील इतर लोक त्याचा अर्थ वेगळा लावतात. पण तुझ्या आजीचा निवाडा त्या वादात होत नाही. तो करणारा वेगळा आहे."

येथे कोणी म्हणेल, हे सारे त्यांच्या घरातले वाद. आपल्याकडे असे काही नाही. सज्जनहो, तेही तपासून पाहावे. दमिश्कचे इमाम इब्न कय्यिम, ज्यांचे निधन १३५० मध्ये झाले, त्यांनी जन्नतविषयीच्या आपल्या ग्रंथात दोजखची आग कधी तरी संपेल काय या प्रश्नाची दोन्ही बाजूंनी सविस्तर चर्चा केली आहे. त्याच काळातील दमिश्कचे काझी तकीउद्दीन सुबकी यांनी जन्नत आणि दोजख दोन्ही कायम राहणार, हे सिद्ध करण्यासाठी स्वतंत्र पुस्तिका लिहिली. आपल्या उलेमांचे बहुमत सुबकींच्या बाजूचे आहे आणि माझाही अकीदा तोच आहे. पण इब्न कय्यिम यांचे ग्रंथ आपल्या मदरशांच्या कपाटांतून कोणी काढून टाकले नाहीत. ज्या वादाबद्दल त्या मुलाला टोमणा मारला गेला, तसाच वाद आपल्या बुजुर्गांनी इल्म आणि अदब राखून केलेला आहे.

दुसऱ्याचा ग्रंथ कसा वाचावा याचेही उदाहरण आपल्यापाशी आहे. सर सय्यद अहमद खान यांनी १८६२ पासून बायबलवर उर्दूत भाष्य प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. त्यासाठी त्यांनी हिब्रू शब्दांपर्यंत जाण्याची मेहनत घेतली. त्यांचे प्रत्येक मत आपल्याला पटेलच असे नाही. पण दुसऱ्याच्या किताबाविषयी बोलण्याआधी ती समोर ठेवून वाचावी, ही त्यांची रीत पटायला काय हरकत आहे? आपल्या महाराष्ट्रातच पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी या कामी घालविली. १९२२ मध्ये त्या वारल्या आणि १९२४ मध्ये तो ग्रंथ छापून निघाला. एका शब्दासाठी वर्षे खर्च करणारी माणसे जगात होऊन गेली, आणि आपण दहा पानांची पुस्तिका वाचून निकाल देतो!

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही डॉक्टर व्हा, इंजिनिअर व्हा, व्यापार करा; पण एक तरी परकी भाषा मुळापासून शिका. अरबीची तोंडओळख प्रत्येकाला मक्तबात झालेली असते. ती अर्थ समजण्यापर्यंत न्या. भाषांतराचा पडदा किती जाड असतो हे ज्याला कळले, तो आपल्या धर्माविषयी अधिक खोलवर आणि दुसऱ्याच्या धर्माविषयी अधिक जपून बोलेल.

पालकांनाही माझी एक विनंती आहे. मुलांच्या हाती वादाची पुस्तके देण्यापूर्वी ती स्वतः वाचा. मी वाचली नव्हती. मुले शाळेत, वसतिगृहात, कारखान्यात निरनिराळ्या धर्मांच्या मुलांबरोबर बसणार-उठणार आहेत. त्यांचा ईमान पक्का असावा, ही तुमची इच्छा योग्यच आहे. पण दुसऱ्याला निरुत्तर करणे म्हणजे ईमान पक्का होणे नव्हे.

ती हकीकत पुरी करतो. आठ दिवसांनी मी आपल्या मुलाला घेऊन त्या घरी मातमपुर्सीला गेलो. घरातल्या वडीलधाऱ्यांनी आम्हाला बसविले, चहा दिला. तेथे धर्माचा शब्द निघाला नाही. निघताना आपला मुलगा दारात थांबला आणि त्या मित्राला म्हणाला, "मी न वाचताच बोललो. माफ कर." खरे तर ते वाक्य माझे होते. त्या दिवशी ते माझ्या विद्यार्थ्याने उच्चारले. आज इतक्या वर्षांनी आपणा सर्वांसमोर मी उच्चारतो आहे.

अल्लाह आपल्या मुलांना इल्म देवो आणि इल्माबरोबर अदबही देवो, एवढी दुआ करून मी आपली रजा घेतो. खुदा हाफिज.